गळा बाईचा, यंत्र कुणाचं?

(विठ्ठलवाडी येथे महिला गटांच्या एकदिवसीय बैठकीत दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



सकाळपासून आपण रेशनकार्डांबद्दल, घरकामगारांच्या नोंदणीबद्दल आणि पोटगीच्या प्रकरणांबद्दल बोललो. जेवताना दोघीतिघींनी मला विचारलं, ‘बाई, कीबोर्ड आणि कॉम्प्युटरवरचं संगीत हा आपल्या चळवळीचा विषय कसा काय?’ प्रश्न रास्त आहे. मी इथे विठ्ठलवाडीत बरीच वर्षं पेटी आणि कीबोर्ड शिकवते. त्यामुळे हा प्रश्न मलाही पडत आला आहे, आणि त्याचं मला सापडलेलं उत्तर आज तुमच्यासमोर ठेवते आहे.

आपल्याकडच्या गणपतीतला एखादा ऑर्केस्ट्रा डोळ्यांसमोर आणा. पुढे माइकजवळ दोन गायिका आहेत, झगमगत्या साड्यांतल्या. मागे कीबोर्डवाला, पॅडवाला, ढोलकीवाला, गिटारवाला. बाजूला मिक्सरवर बसलेला साउंडवाला. भीमजयंतीची बँजो पार्टी घ्या, लग्नाची वरात घ्या, भजनी मंडळ घ्या. बाईला गायला मिळतं, नाचायला मिळतं, टाळ मिळतात. वाद्य, त्यातही बटणं असलेलं वाद्य, पुरुषाच्या हाती असतं. गळा हा बाईला देवाने दिलेला मानला जातो. यंत्र मात्र शिकावं लागतं, विकत घ्यावं लागतं, दुरुस्त करावं लागतं, रात्री टेम्पोत घालून आणावं लागतं. शिक्षण, पैसा, अवजार आणि रात्र या चारही गोष्टी आपल्या समाजाने बाईपासून राखून ठेवल्या. म्हणून हा विषय आपल्या बैठकीचा आहे.

जात्यापासून सुरुवात करू

बाई आणि यंत्र हे नातं नवं नाही. महाराष्ट्रातल्या बायकांचं सर्वांत मोठं संगीत एका यंत्रावरच जन्मलं. ते यंत्र म्हणजे जातं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत फिरून, कार्यकर्त्यांच्या मदतीने जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हे काम १९८०च्या दशकापासून पुढे चाललं. जात्याची घरघर हा ताल, त्याचा फेरा सारखा तोच, आणि त्या फेऱ्यावर दर वेळी नवी ओवी. यंत्र तिच्या हातात, शब्द तिचे, वेळ पहाटेची, आणि ऐकायला कुणी असो नसो.

मग विजेची गिरणी आली. दळणाचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. जात्याचे कष्ट परत या असं म्हणणारी मी नव्हे. पण एक गोष्ट नीट पाहायला हवी. यंत्राला वीज जोडली गेली आणि ते यंत्र पुरुषाच्या हाती गेलं. गिरणीवाला झाला, गिरणीवाली झाली नाही. बाई डबा घेऊन रांगेत उभी राहिली आणि ओवी थांबली.

हीच गोष्ट आपल्या कँप पाचमधल्या जीन्सच्या धंद्यात दिसते. धागे कापायचं काम बाईकडे, नगावर पैसे. जुकी मशीन चालवणारा कारागीर, आणि धागा कापणारी नुसती ‘बाई’. आपल्यापैकी ज्या जणी जुकी चालवतात त्यांना विचारा, मशीन बिघडलं की उघडायला कुणाला बोलावतात. आपण यंत्राजवळ असतो, पण यंत्राचं झाकण उघडायचा अधिकार आपला नसतो.

सँडड्यून्स म्हणजे कोण

आता आजच्या मुख्य उदाहरणाकडे येते. मुंबईत सनाया अर्देशीर नावाची संगीतकार पुढे आली. लहानपणापासून पाश्चात्त्य शास्त्रीय पद्धतीने पियानो शिकलेली, पुढे लंडनमध्ये संगीत-निर्मितीचं शिक्षण घेतलेली. ‘सँडड्यून्स’, म्हणजे वाळूच्या टेकड्या, या नावाने दहा-बारा वर्षांहून अधिक काळ ती इलेक्ट्रॉनिक संगीत करते आहे. तिच्या २०२२ सालच्या संग्रहाचं नाव मराठीत सांगायचं तर ‘तिच्या पायाखालची जमीन’.

हा एकटीचा प्रकल्प आहे. ‘एकटीचा’ या शब्दावर जरा थांबू. सिनेमाच्या जुन्या स्टुडिओत एक गाणं तयार व्हायला किती माणसं लागत? चाल करणारा संगीतकार, वाद्यांची रचना करणारा संयोजक, दहापासून शंभरपर्यंत वादक, काचेपलीकडे बसलेला ध्वनिमुद्रक. या साखळीत बाई साधारणपणे एकाच जागी यायची, माइकसमोर. तीही सगळं ठरून झाल्यावर. कोणती पट्टी, कोणता ठेका, किती वेग, कुठे थांबायचं, हे सगळं आधीच ठरलेलं. इलेक्ट्रॉनिक संगीतात या चारही जागा एका टेबलावर येतात. चाल तीच करते, वाद्यं तीच रचते, वाजवते तीच, मुद्रण आणि मिश्रणही तीच करते. म्हणजे निर्णयाच्या सगळ्या जागा एका बाईच्या हाती येऊ शकतात. ‘येऊ शकतात’ असं मी जपून म्हणते, कारण आपोआप येत नाहीत.

हे काम चालतं कसं, तेही सांगते, कारण न कळणाऱ्या यंत्राची भीती वाटते आणि त्या भीतीवरच दुसऱ्याची मक्तेदारी चालते. पेटी तुम्ही पाहिली आहे. भाता हवा देतो, हवेने पितळी पत्ती थरथरते आणि स्वर निघतो. सिंथेसायझरमध्ये पत्तीच्या जागी विजेची लाट असते. लाट गोलाईची असेल तर नाद बासरीसारखा मऊ, करवतीच्या दात्यांसारखी असेल तर करकरीत. मग त्यात एक गाळणी असते. चहाच्या गाळणीत चोथा राहतो, तसे या गाळणीत वरचे तीक्ष्ण अंश अडतात. गाळणी किती उघडायची ते एका बटणाने ठरतं. मग तो नाद झटकन उठायचा की हळूहळू, किती टिकायचा, कसा विझायचा, हेही ठरवायचं. आणि एक ओळ वाजवून ती फिरत ठेवायची, तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. याला लूप म्हणतात. ज्या आजीने जातं ओढलं तिला लूप समजावून सांगायची गरज नाही. १९८३ साली मिडी नावाची एक पद्धत आली आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड व कॉम्प्युटर एकमेकांशी बोलू लागले. त्यामुळे आज मोठा स्टुडिओ नसलेलीसुद्धा हे काम करू शकते.

ऐकून बाई ओळखू येत नाही

या संगीतात बरेचदा गाणं नसतं, आवाजच नसतो. गळा ऐकला की बाई आहे हे कळतं. यंत्राचा नाद ऐकून कळत नाही. आणि कळत नाही तिथे लोक पुरुष गृहीत धरतात. शेजारी बसलेला भाऊ, नवरा, मित्र, कुणीतरी खरं काम केलं असणार आणि हिने नुसती बटणं दाबली असणार, असं समजतात. आइसलंडची ब्योर्क जगप्रसिद्ध आहे. तिनेही २०१५ साली मुलाखतीत हीच तक्रार केली, की माझ्या संगीताच्या निर्मितीचं श्रेय बरोबरच्या पुरुषांना दिलं जातं. अमेरिकेतल्या ॲननबर्ग संस्थेच्या अभ्यासकांनी २०१८ साली लोकप्रिय गाण्यांची मोजणी केली. त्यात गाण्यांच्या निर्मात्यांमध्ये बायका शंभरात दोन निघाल्या. गाणाऱ्या बायका त्याच्या कितीतरी पट होत्या. म्हणजे आपल्या ऑर्केस्ट्रात जे चित्र आहे तेच तिकडे आहे.

इंग्लंडमधल्या डेलिया डर्बिशायरची हकीकत तर सरळ आपल्या पुस्तिकेत छापावी अशी आहे. केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकलेली मुलगी. १९५९ साली एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीने तिला सांगितलं की आम्ही ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बायका घेत नाही. पुढे ती बीबीसीच्या ध्वनी-कार्यशाळेत गेली. ही कार्यशाळा १९५८ साली उभी करण्यात डॅफ्नी ओरॅम या बाईचा मोठा वाटा होता. १९६३ साली ‘डॉक्टर हू’ या मालिकेचं शीर्षक-संगीत डेलियाने केलं. सिंथेसायझर नव्हतेच. फितीचे तुकडे कापून, जोडून, एकेक स्वर हाताने बसवला. मूळ चाल लिहिणाऱ्या संगीतकाराने स्वतः म्हटलं की हिला सहश्रेय द्या. पण कार्यशाळेतल्या माणसांची नावं द्यायची नाहीत असा नियम होता. ती २००१ साली वारली. पडद्यावर त्या संगीतासाठी तिचं नाव आलं २०१३ साली. पन्नास वर्षं, मैत्रिणींनो. नियम सगळ्यांना सारखाच होता, असं कुणी म्हणेल. पण नाव नसलेल्या कामाला लोक कुणाचं नाव लावतात, ते आपण आत्ताच पाहिलं.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. खुर्शीद होमजी ही पारशी मुलगी पंडित भातखंड्यांकडे शिकली. १९३५ साली ती बॉम्बे टॉकीजची संगीतकार झाली तेव्हा समाजाने गहजब केला. तिला ‘सरस्वतीदेवी’ हे नाव घेऊन काम करावं लागलं. लता मंगेशकरांनी १९६०च्या दशकात भालजींच्या चित्रपटांना संगीत दिलं ते ‘आनंदघन’ या नावाने. १९६५ सालच्या ‘साधी माणसं’ला राज्य शासनाचा संगीताचा पुरस्कार मिळाला, तेव्हा आनंदघन कोण हे लोकांना कळलं. ज्या बाईचा गळा घराघरात पोचला होता, तिची संगीतकार ही ओळख पुरुषी वाटणाऱ्या नावामागे होती. आणि अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर बसवला गेला तेव्हा तिथे काम करणाऱ्यांत गीता साराभाई होत्या. त्या पखवाज शिकलेल्या. १९४०च्या दशकात न्यूयॉर्कला जाऊन जॉन केज या संगीतकाराला त्यांनी भारतीय संगीत शिकवलं होतं. त्या स्टुडिओतल्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. त्या निवडून लोकांसमोर आल्या २०२३ साली.

सनायानेही दुसरं नाव घेतलं आहे, पण तिथे फरक आहे. ‘सँडड्यून्स’ हे तिच्या कामाचं नाव आहे आणि त्यामागे कोण आहे ते पहिल्यापासून सर्वांना ठाऊक आहे. नाव लपवायला घ्यायचं की स्वतःची जागा आखायला घ्यायचं, हे जिचं तिने ठरवावं. नाइलाजाने घ्यावं लागू नये, एवढाच आपला आग्रह.

‘हे आपल्यासारख्यांचं नव्हे’

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत तथ्य आहे.

पहिला वर्गाचा. पियानोचं शिक्षण, लंडन, परदेशी दौरे. दोनशे चौरस फुटांच्या खोलीत पाच माणसांसोबत राहणाऱ्या मुलीने यातून काय घ्यायचं? खरं आहे, वाट सारखी नाही. सनायाला मिळालेलं शिक्षण आपल्या मुलींना मिळणार नाही आणि ही विषमता झाकून ‘जिद्द असली की सगळं जमतं’ असं सांगणं हा खोटेपणा आहे. पण अवजार आता पूर्वीइतकं महाग राहिलेलं नाही. जुना कीबोर्ड, हप्त्यावरचा लॅपटॉप, फुकट मिळणारी सॉफ्टवेअर, यांवर सुरुवात होते. आज अडतं ते जागेवर, वेळेवर आणि परवानगीवर. माझ्याकडच्या मुली हेडफोन लावून सराव करतात. एवढ्याशा घरात हेडफोन हीच त्यांची खोली. तीही खुपते. ‘कानात घालून बसते, हाक ऐकू येत नाही,’ ही तक्रार मी जवळजवळ प्रत्येक घरातून ऐकली आहे. भाऊ तसाच बसला तर तो ‘प्रॅक्टिस’ करत असतो.

दुसरा आक्षेप वादकांच्या पोटाचा. यंत्राने माणसांची कामं गेली. सिनेमाच्या स्टुडिओतून व्हायोलिनवाल्यांचे ताफे गेले हे खरंच आहे. आता तर कॉम्प्युटर सांगितल्याबरोबर आख्खं गाणं तयार करून देतो. उद्या सनायासारख्या कलावंतिणीचंही काम त्याने जाऊ शकतं. पण ज्या स्टुडिओतून वादक गेले, तिथे वादक म्हणून बायका मुळात मोजक्याच होत्या. यंत्र कुणाच्या फायद्यासाठी चालवायचं हा कामगारांचा प्रश्न आहे, आणि तो सोडवायला बसलेल्यांत यंत्र जाणणाऱ्या बायका नसल्या तर उत्तर पुन्हा आपल्याला वगळूनच निघेल. शुद्धतेचा आक्षेप मी मोजत नाही. पेटी हे परदेशी वाद्य, तिच्यात मींड नाही, म्हणून १९४० साली रेडिओने तिच्यावर बंदी घातली. ती बंदी तीसेक वर्षं चालली. आज पेटीशिवाय आपलं भजनही होत नाही. काल जे परकं होतं ते वापरणाऱ्यांच्या हातांनी आपलं झालं.

आपल्या वस्तीतली गोष्ट

आता इथली हकीकत. जिची आहे तिला विचारून सांगते आहे, म्हणून नाव सांगत नाही. माझ्याकडे पेटी शिकलेली एक मुलगी, बावीस वर्षांची. एका ऑर्केस्ट्रासाठी सगळं प्रोग्रॅमिंग ती करते. ठेके, मधले तुकडे, सुरुवातीचं संगीत, सगळं घरी बसून. आईची जुकी, विठ्ठलवाडीला थांबणाऱ्या लोकलचे ब्रेक, हे आवाज मोबाइलवर घेऊन तिने त्यांचे ठेके बांधले आहेत. कार्यक्रमात ते वाजवतो तिचा भाऊ. बॅनरवर नाव भावाचं. सुपारीचे पैसे मोजले जातात वडिलांच्या हातात. तिने एवढंच म्हटलं की बॅनरवर माझंही नाव टाका. उत्तर मिळालं, ‘मुलीचं नाव टाकलं तर लोक म्हणतील नुसती कॅसेट लावलीय.’ घरचे म्हणाले, ‘स्थळं बघतोय, आता रात्रीच्या कार्यक्रमांत नाव कशाला?’ आणि लग्न ठरलं तर लॅपटॉप घरीच राहील, कारण तो ‘भावाच्या कामाचा’ आहे. त्याचे हप्ते तिने शिकवण्या घेऊन फेडले आहेत.

यात मारहाण नाही, म्हणून आपल्या नोंदवहीत हे प्रकरण चढत नाही. पण श्रम तिचे, नाव दुसऱ्याचं, पैसा तिसऱ्याचा, आणि अवजार लग्नात हिरावलं जाणार. शेतातल्या बाईच्या बाबतीत आपण याला शोषण म्हणतो. इथेही तोच शब्द वापरायला हवा.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. त्यांवर आजच चर्चा व्हावी.

एक, कामाचा कागद. कुणी काय केलं आणि किती पैसे ठरले, ते दोन ओळींत लिहून सही घ्यावी. आपण केलेल्या संगीताचा हक्क ते केल्यापासूनच आपला असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. सिनेमात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या संगीताच्या रॉयल्टीतला संगीतकाराचा वाटा, २०१२च्या कायदादुरुस्तीनंतर, वारस आणि कॉपीराइट सोसायटी सोडून इतर कुणाला लिहून देता येत नाही. हे मुलींना ठाऊक नसतं. आपल्या कायदा शिबिरात यासाठी एक तास ठेवा.

दोन, अवजाराची पावती तिच्या नावाने. शिलाई मशीन असो की लॅपटॉप, बिल बाईच्या नावाचं हवं. बचतगटाच्या कर्जातून घेतलेल्या वस्तूंपासून सुरुवात करू.

तीन, जागा. हा हॉल दुपारी दोन ते चार रिकामा असतो. एक जुना कीबोर्ड गटाने घ्यावा. शिकवायला मी येईन, फी घेणार नाही. झाकण उघडून साफ कसा करायचा इथपासून शिकवू.

चार, मंडळांशी बोलणं. ढोलपथकांत आज मुली मोठ्या संख्येने ढोल वाजवतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हे कुणी मान्य केलं नसतं. मुलींनी आग्रह धरला, कुणीतरी पाठीशी उभं राहिलं, म्हणून ते झालं. आपल्या भागातल्या मंडळांना पाचसात जणींनी भेटून सांगावं, की कीबोर्ड आणि प्रोग्रॅमिंग कुणाचं आहे ते बॅनरवर छापा, आणि बाईचं असेल तर बाईचं नाव छापा. कार्यक्रम संपल्यावर वादक मुलीला घरी पोचवायची सोयही सुपारीतच ठरवा.

एकटीचं संगीत करणारी बाई एकटीच्या बळावर उभी राहत नाही. सनायामागे शिक्षक होते, वाजवायला मंच होते, ऐकणारे होते. आपल्या मुलीमागे आपण आहोत की नाही, एवढंच ठरवायचं आहे. गणपतीच्या सुपाऱ्या पुढच्या महिन्यात ठरतील. त्या मुलीच्या घरी मी रविवारी संध्याकाळी जाणार आहे, तिच्या आईशी आणि भावाशी बोलायला. भाऊ वाईट नाही, त्याला कुणी हा प्रश्न विचारलेलाच नाही. माझ्याबरोबर कोण कोण येतंय, त्यांनी चहाच्या वेळेत नावं द्या.